चालू प्रयोगात मोशन कॅप्चर: कोणती पद्धत निवडायची, कशी बसवायची

प्रयोगात मोशन कॅप्चर (कलाकाराची हालचाल आकड्यांत टिपणं) वापरायचं ठरलं की बहुतेक जण थेट 'कुठला सूट (अंगभर सेन्सर लावलेला पोशाख) घ्यायचा?' इथून सुरुवात करतात. आधी ठरवायला हवं ते हे, की कलाकाराच्या अंगातून नेमकी कोणती माहिती पडद्यावर, दिव्यांत किंवा आवाजात उतरणार आहे. कागदावर प्रसंगागणिक लिहून काढा: इथे कलाकार कुठे उभी आहे ते हवं (दोन आकडे), इथे हात किती जोरात फिरतो ते हवं (एक आकडा), इथे शरीराची बाह्याकृती हवी, इथे तिच्यासारखंच हलणारं पात्र पडद्यावर हवं. पूर्ण सांगाडा, म्हणजे शरीराच्या सगळ्या सांध्यांच्या जागा, लागतो तो फक्त शेवटच्या प्रकारात. बाकी तिन्ही कामं सहसा स्वस्तात होतात आणि प्रयोगात कमी दगा देतात.

पुढच्या सगळ्या मोजमापांसाठी एक उदाहरण धरू: एकल कथक, रंगमंचाची वापरायची जागा ८ मीटर रुंद आणि ६ मीटर खोल, मागे सायक्लोरामावर (रंगमंचामागच्या मोठ्या सपाट पडद्यावर) प्रोजेक्शन.

आधी उशीर मोजा

हालचाल आणि प्रतिमा यांच्यातला उशीर एकाच ठिकाणी होत नाही. सेकंदाला ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. त्यावर सांगाडा ओळखणं, मग ग्राफिक्स, मग एचडीएमआय स्विचर, मग प्रोजेक्टर. स्विचर आणि स्केलर प्रत्येकी एकदोन फ्रेम खातात. बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये डिजिटल कीस्टोन (तिरकी पडलेली प्रतिमा चौकोनी करणारी सोय) चालू असलं की उशीर आणखी वाढतो. म्हणून प्रोजेक्टर सरळ टांगा, कीस्टोन बंद ठेवा आणि मेनूत गेम मोड असेल तर तो लावा.

मोजायची पद्धत सोपी आहे. फोन २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. कलाकार आणि पडदा दोन्ही चौकटीत घ्या आणि तिला एकदा झटकन हात खाली आणायला सांगा. हात हलल्यापासून प्रतिमा हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजून ४.१७ ने गुणा. ३० फ्रेम म्हणजे १२५ मिलिसेकंद. संथ, धुरासारख्या प्रतिमेला १५० पर्यंतचा उशीर चालतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. समेवर पडणाऱ्या गोष्टीला तो अजिबात चालत नाही. तिथे ४०–५० च्या आत राहायचं असेल तर कॅमेरा विसरा.

तत्कारासाठी कॅमेरा नको

पायांचं काम पडद्यावर आणायचं असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय जमिनीखाली आहे. १२ ते १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या तुकड्याला खालून २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनाचा विद्युत संकेत करणारी) चिकटवा, तुकड्याखाली पातळ रबर किंवा फोम द्या. रबर नसेल तर तबल्याच्या मॉनिटरचे धक्के आणि विंगेतल्या माणसांची पावलंही चकतीत उतरतात. चकतीचा इम्पीडन्स (विद्युत संकेताला होणारा अडथळा) जास्त असतो. ती साध्या लाइन इनपुटला जोडली तर आवाज पातळ आणि किरकिरा येतो, म्हणून मध्ये पिझोसाठीचा डीआय बॉक्स किंवा प्रीअँप लावा. ऑडिओ इंटरफेसचा बफर १२८ सॅम्पल ठेवला की ४८ किलोहर्ट्झवर तो जेमतेम २.७ मिलिसेकंद घेतो.

सॉफ्टवेअरमध्ये उंबरठा ठरवा: एवढ्या जोराच्या वर आघात म्हणजे एक ठोका. ठोका मोजल्यावर साधारण ५० मिलिसेकंद कान बंद, नाहीतर एकाच आघाताचे तीन मोजले जातील. हा काळ १०० वर नेलात तर द्रुत लयीतले ठोके गळतात. उंबरठा घुंगरू बांधूनच ठरवायचा. अनवाणी पायाचा आघात आणि शंभर घुंगरांचा आघात, दोन्हींचा आवाज-आलेख वेगळा असतो.

एका मनगटाचा किंवा कमरेचा सेन्सर

हाताचा जोर किंवा चक्करांचा वेग एवढंच हवं असेल तर ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा संगणक-बोर्ड), एमपीयू-६०५० (हालचाल आणि फिरणं मोजणारा) सेन्सर आणि छोटी लिथियम बॅटरी पुरते. तयार डबीत हवं असेल तर एम५स्टिकसारखे बोर्ड मिळतात. इथे एक चूक हमखास होते. एमपीयू-६०५० सुरू होतो तेव्हा त्याची मोजणीची मर्यादा ±२ जी आणि ±२५० अंश प्रति सेकंद असते. सेकंदाला दोन चक्कर म्हणजे ७२० अंश. आकडा २५० वर अडकून बसतो, पडद्यावरची प्रतिमा मध्यलयीतच 'पूर्ण वेग' दाखवते आणि द्रुतात काहीच बदलत नाही. लोक दोष सॉफ्टवेअरला देतात. कोडमध्ये सुरुवातीलाच मर्यादा ±१६ जी आणि ±२००० अंशांवर न्या. तसं केल्यावर १ जी म्हणजे १६३८४ ऐवजी २०४८ आकडे येतात, म्हणून पुढचे भागाकारही बदला.

चक्करांसाठी सेन्सर कमरेला, मणक्यावर, घट्ट पट्ट्याने. ओढणीला किंवा कमरबंदाला अडकवला तर कापडाची हालचाल मोजली जाते, शरीराची नाही. माहिती १०० हर्ट्झने यूडीपीवर (पोच न मागता पाठवायच्या नेटवर्क पद्धतीने) पाठवा. टीसीपी नको. हरवलेलं पाकीट परत मागवत बसण्यापेक्षा पुढचं घेणं बरं.

अडचण वायफायची. साधा ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. रिकाम्या नाट्यगृहात तो उत्तम चालतो. प्रेक्षागृह भरलं की शेकडो फोनांचं वायफाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात येतं आणि धक्के बसू लागतात. दोन उपाय: राउटर कंट्रोल रूममध्ये न ठेवता विंगेत, रंगमंचापासून ५–६ मीटरवर, माणसाच्या डोक्याच्या वर ठेवा. नाहीतर ईएसपी-नाऊ (दोन ईएसपी३२ मधला थेट संपर्क) वापरून दुसऱ्या ईएसपी३२ वर माहिती घ्या आणि तिथून यूएसबीने संगणकात. दुसऱ्या उपायात राउटरचा खेळच संपतो.

वरून इन्फ्रारेड कॅमेरा

ती कुठे आहे आणि तिची बाह्याकृती काय, हे हवं असेल तर डोक्यावर टांगलेला इन्फ्रारेड कॅमेरा ही जुनी पण अजून हरवायला कठीण अशी पद्धत. मेलबर्नच्या चंकी मूव्हने २००६ साली 'ग्लो' केलं तेव्हा फ्रीडर वाइस यांनी याच तत्त्वावर नर्तकीभोवतीचं प्रोजेक्शन तिच्या हालचालीला बांधलं होतं.

गंमत अशी की प्रोजेक्टर दृश्य प्रकाश टाकतो आणि कॅमेरा फक्त ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड पाहतो. त्यामुळे जमिनीवरची प्रतिमा कॅमेऱ्याला दिसतच नाही. साधा वेबकॅम लावलात तर तो प्रोजेक्शनलाच नर्तकी समजतो आणि प्रतिमा स्वतःचाच पाठलाग करत सुटते.

लागणारं साहित्य: इन्फ्रारेड अडवणारी काच काढलेला कॅमेरा, त्यावर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर, आणि सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारे ८५० नॅनोमीटरचे दोन ते चार इल्युमिनेटर. लेन्सच्या फोकल लांबीचं गणित: सेन्सरची रुंदी गुणिले कॅमेऱ्याची उंची भागिले जागेची रुंदी. १/३ इंची सेन्सर ४.८ मिलिमीटर रुंद असतो. कॅमेरा ६ मीटर उंच आणि जागा ८ मीटर रुंद असेल तर ४.८ × ६ ÷ ८ = ३.६ मिलिमीटर. या आकाराच्या लेन्स सहज मिळतात. मात्र ४:३ च्या चौकटीत जागेच्या खोलीला बरोबर ६ मीटर येतात, कडेला काही उरत नाही. बार थोडा खाली असेल तर २.८ ची घ्या.

बसवताना रिकाम्या रंगमंचाचा फोटो घ्या, तो प्रत्येक फ्रेममधून वजा करा, उरलेल्याला उंबरठा लावा, १००–१५० पिक्सेलपेक्षा लहान ठिपके गाळा. जो मोठा ठिपका उरतो त्याचं केंद्र म्हणजे नर्तकी. हा रिकामा फोटो नेपथ्य आणि दिवे पूर्ण लागल्यावरच घ्यायचा, आणि प्रत्येक प्रयोगाला नव्याने.

ही पद्धत कशाने मोडते? हॅलोजनने. आपल्याकडच्या अनेक नाट्यगृहांत अजून पार कॅन आणि हॅलोजनचे स्पॉट आहेत, आणि त्यांच्या प्रकाशात इन्फ्रारेड खच्चून असतो. एखादा स्पॉट हळूहळू वर आला की कॅमेऱ्याला जमिनीवर पांढरं तळं दिसतं. एलईडी दिव्यांत हा त्रास जवळपास नसतो. प्रकाशयोजनाकाराशी तालमीआधीच बोला: ज्या प्रसंगात कॅमेरा चालू, तिथे फक्त एलईडी. जेल लावून काही होत नाही. रंगीत जेलमधून इन्फ्रारेड आरपार जातो, गडद निळ्यातूनसुद्धा.

डेप्थ कॅमेरा

डेप्थ कॅमेरा चौकटीतला प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते मोजतो. मायक्रोसॉफ्टने असा काइनेक्ट २०१० मध्ये आणला, २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं, आणि त्यानंतर आलेला अझूर काइनेक्ट २०२३ मध्ये बंद केला. आज नवा घ्यायचा तर ऑर्बेक फेम्टो बोल्ट. त्यात मायक्रोसॉफ्टचंच डेप्थ तंत्र आहे आणि अझूरसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर ऑर्बेकच्या रॅपरमधून (मधल्या जोड-सॉफ्टवेअरमधून) त्यावर चालतात. जुन्या बाजारात काइनेक्ट व्ही२ स्वस्त मिळतो आणि ४.५ मीटरपर्यंत सहा माणसांचे प्रत्येकी २५ सांधे देतो. घेताना त्याचा पीसीसाठीचा वेगळा अडॅप्टर सोबत आहे ना ते पाहा. कॅमेरा मिळतो, अडॅप्टर मिळत नाही.

सांगाड्यासाठी अझूर आणि बोल्टचा अरुंद मोड वापरा: ७५ × ६५ अंश, पूर्ण रिझोल्यूशनला ३.८ मीटरपर्यंत भरवसा. आता आकडेमोड करा. २ मीटरवर चौकट ३ मीटर रुंद असते, ३.८ मीटरवर ५.८ मीटर, आणि कोपरे छाटलेले असतात. म्हणजे ८ × ६ च्या रंगमंचावर एक डेप्थ कॅमेरा पुरणार नाही. बहुतेकांचा अपेक्षाभंग इथेच होतो, कारण दिवाणखान्यातल्या चाचणीत सगळं छान चाललेलं असतं. मार्ग दोन: डेप्थ कॅमेऱ्याचे प्रसंग मध्यभागी साधारण ३ मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल जागेत बसवा आणि जमिनीवर टेपने हद्द आखा, किंवा खोल जागेसाठी पिक्सेल एकत्र करणारा मोड घेऊन ५.४ मीटरपर्यंत जा. त्यात बोटं आणि मनगट ढोबळ होतात.

बसवण्याचा क्रम असा:

१. कॅमेरा रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मध्यात, जमिनीपासून साधारण १ मीटरवर, पूर्ण सरळ. प्रेक्षकांच्या नजरेआड करायला अगदी खाली ठेवलात तर पुढे आलेला गुडघा धड झाकतो.

२. यूएसबी ३ ची साधी केबल ३ मीटरच्या पुढे नेऊ नका. लांब हवी तर ऑप्टिकल यूएसबी केबल, आणि कॅमेऱ्याला वेगळा वीजपुरवठा. सगळ्यात बरं म्हणजे सांगाडा काढणारा संगणक विंगेत ठेवा आणि कंट्रोल रूमपर्यंत फक्त कॅट-६ ओढा. ती १०० मीटर चालते.

३. संगणकात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड. त्याशिवाय सांगाडा निघतो, पण फ्रेम गळतात.

४. टचडिझायनरमध्ये (आकडे आणि प्रतिमा जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अझूरचा नोड घ्या, लायब्ररी ऑर्बेकची निवडा, ३२ सांध्यांपैकी लागतील तेवढेच पुढे पाठवा. टचडिझायनरची मोफत आवृत्ती १२८० × १२८० पिक्सेलवर अडते. तालमीला पुरते, प्रयोगाला नाही.

५. पोशाखाची चाचणी इन्फ्रारेड दृश्यात करा. डोळ्यांना काळं ते कॅमेऱ्यालाही काळं असं समजू नका. बरेच कृत्रिम धाग्याचे काळे कापड इन्फ्रारेडमध्ये पांढरट दिसतात, आणि काळं मखमल मात्र खरोखरच नाहीसं होतं. जरीचे काठ आणि टिकल्या कॅमेऱ्याकडे सरळ परावर्तन करतात आणि तिथे डेप्थमध्ये भोक पडतं. घेरदार अंगरख्यात गुडघे अंदाजानेच लागतात, तेव्हा गुडघ्याच्या सांध्यावर काहीही बांधू नका.

६. धूर जपून. हलका हेझ चालतो, दाट धुरात हवेतच खोटे बिंदू तरंगू लागतात.

चक्करांत सांगाड्याचा डावा-उजवा हात अदलाबदल होतो. तो दुरुस्त करत बसू नका. चक्करांच्या प्रसंगात 'दोन्ही मनगटांपैकी कमरेपासून जास्त लांबचं' असा आकडा घ्या, डावं कुठलं याने फरकच पडत नाही.

साधा कॅमेरा आणि मीडियापाइप

मीडियापाइप हे साध्या चित्रातून शरीर ओळखणारं सॉफ्टवेअर. वेबकॅम आणि लॅपटॉपवर त्यातून ३३ बिंदूंचा सांगाडा फुकट मिळतो, आणि कॅमेरा लांब ठेवून योग्य लेन्स लावली तर अंतराची मर्यादाही उरत नाही. तालमीसाठी याहून चांगलं काही नाही. प्रयोगात शत्रू एकच: अंधार. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर दिवे मंद होताच कॅमेरा शटर लांबवतो, ३० ची १५ फ्रेम होते आणि हात धूसर होतो. एक्स्पोजर हाताने १/१०० वर बांधा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, १/६० ठेवलात तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. अंधाऱ्या प्रसंगांसाठी वर सांगितलेला इन्फ्रारेड कॅमेरा आणि इल्युमिनेटर समोरून लावून त्याचं करडं चित्र मीडियापाइपला द्या. रंगाशिवायही त्याचं बरंचसं भागतं. दुसरा माणूस चौकटीत आला की सांगाडा त्याच्यावर उडी मारू शकतो, म्हणून साथीदारांना चौकटीबाहेर बसवा किंवा चित्र कापून घ्या.

सूट

पडद्यावरच्या पात्राला खरोखरच शरीर हवं असेल तेव्हाच इथे या. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१६ मध्ये स्ट्रॅटफर्डला इंटेल आणि इमॅजिनेरियम स्टुडिओज यांच्यासोबत 'द टेम्पेस्ट' केलं, त्यात एरियल या आत्म्याचं काम करणाऱ्या नटाच्या पोशाखातच सेन्सर होते आणि त्याची डिजिटल आकृती त्याच क्षणी प्रक्षेपित होत होती. कॅमेरा नाही, त्यामुळे अंधार, धूर, हॅलोजन कशाचीच बाधा नाही.

एक्ससेन्समध्ये १७ ट्रॅकर असतात, रोकोकोच्या स्मार्टसूट प्रो २ मध्येही जवळपास तेवढेच सेन्सर, आणि सोनीच्या मोकोपीत फक्त सहा: डोकं, कंबर, दोन मनगटं, दोन घोटे. मोकोपी बाकीचं शरीर अंदाजाने भरतं. चालणं आणि हात हलवणं ठीक येतं. कोपर आणि गुडघा हे जिथे नृत्याचा प्राण आहेत, तिथे ते पुरत नाही. शिवाय नेहमीच्या मांडणीत ते आधी ब्लूटूथने फोनशी बोलतं आणि फोन पुढे संगणकाशी, म्हणून फोन जवळच्या विंगेत ठेवावा लागतो.

सूटचे दोन रोग. पहिला चुंबकीय: लोखंडी लेव्हल, ट्रस, मोठे स्पीकर यांच्याजवळ सेन्सरची दिशा चळते. कॅलिब्रेशन (सेन्सरची सुरुवातीची जुळवणी) लोखंडापासून दोनतीन मीटर दूर करा, लेव्हलवर उभं राहून कधीच नाही. दुसरा घसरण: सूटला जागा कळत नाही, ती पावलांवरून मोजली जाते, म्हणून उड्या आणि घसरत्या पावलांनंतर पात्र हळूहळू पडद्याच्या कडेला सरकतं. संहितेत असे क्षण शोधा जिथे कलाकार ठरलेल्या खुणेवर स्थिर उभी असते, आणि तिथे जागा शून्य करण्याचा क्यू ठेवा. नाहीतर कमरेला एक व्हाइव्ह ट्रॅकर (भोवतीच्या बेस स्टेशनांवरून आपली जागा ओळखणारा सेन्सर) लावून जागा त्याच्याकडून आणि हालचाल सूटकडून घ्या. चार २.० बेस स्टेशन १० × १० मीटरपर्यंत पुरतात, पण ती हलली किंवा समोर आरसा, चकचकीत पत्रा आला की संपलं.

घाम आणि पट्टे यांचा विचार आधी करा. तासाभराच्या नृत्यात मांडीचा पट्टा फिरतो आणि पाय वाकडा दिसू लागतो. पट्ट्याखाली रबरी अस्तर आणि मध्यंतरात पुन्हा कॅलिब्रेशन, याला पर्याय नाही.

व्हायकॉन किंवा ऑप्टिट्रॅकसारखी मार्करची पद्धत (अंगावर परावर्तक ठिपके, भोवती कॅमेरे) सर्वांत अचूक आणि सर्वांत वेगवान. २०२१ च्या 'ड्रीम' या ऑनलाइन प्रयोगासाठी पोर्ट्समथला ७ × ७ मीटरच्या जागेत ती वापरली होती. तिथे समोर प्रेक्षक नव्हते आणि दिवे कॅमेऱ्यांच्या सोयीचे ठेवता येत होते. सत्रावर मिळणाऱ्या नाट्यगृहात आठ-बारा कॅमेरे टांगून, कांडी फिरवून कॅलिब्रेट करायला वेळ कुठला? आणि दिव्यांच्या उष्णतेने बार जरासा हलला की सगळं पुन्हा.

आकडे वापरण्याजोगे करणं

कच्चे सांधे कधीच थेट प्रतिमेला जोडू नका. सगळं कमरेच्या सापेक्ष घ्या आणि धडाच्या लांबीने भागा, म्हणजे कलाकार बदलली तरी आकडे तेच राहतात. थरथर घालवायला वन युरो फिल्टर: त्यात कटऑफ संथ हालचालीची थरथर किती गाळायची ते ठरवतो, बीटा वेगवान हालचालीला किती मोकळीक द्यायची ते. टचडिझायनरच्या फिल्टर नोडमध्ये तो आहेच. लावण्याची रीत: बीटा शून्य, किमान कटऑफ १ हर्ट्झ. हात स्थिर धरायला सांगा आणि थरथर थांबेपर्यंत कटऑफ कमी करा. मग हात वेगाने फिरवायला सांगा आणि प्रतिमा मागे पडणं थांबेपर्यंत बीटा वाढवा. हा क्रम उलटा केला तर दोन्ही बिघडतं.

'हात वर गेला की प्रकाश' अशा जागी एकच उंबरठा ठेवू नका. ०.६ ला चालू आणि ०.४ ला बंद असं अंतर ठेवा, नाहीतर उंबरठ्यावर हात रेंगाळताच दिवा फडफडतो.

सांगाडा हरवला की बरीच सॉफ्टवेअर शून्य पाठवतात आणि प्रतिमा झपकन कोपऱ्यात उडी मारते. अर्धा सेकंद शेवटचा आकडा धरून ठेवा, त्यानंतर दोन सेकंदांत ठरलेल्या मूळ जागी विरघळवा. प्रेक्षकाला काही कळत नाही.

प्रयोगाच्या दिवशी

नाट्यगृहात नेपथ्य आणि दिव्यांनंतर तुमच्या वाट्याला तास-दीड तास येतो. म्हणून संगणक, राउटर, पॉवर स्ट्रिप एकाच पेटीत जोडलेली न्या आणि आयपी पत्ते कायमचे बांधून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.११ विंगेतला संगणक, .१२ प्रोजेक्शनचा. ओएससी (सॉफ्टवेअरमध्ये आकडे पाठवायची नेटवर्क पद्धत) पोहोचत नसेल तर आधी विंडोजचा फायरवॉल बघा. नवं नेटवर्क तो 'पब्लिक' धरतो आणि येणारी पाकिटं मुकाट्याने गिळतो. व्हिडिओ चालवणारं रेझोल्यूम पोर्ट ७००० वर ऐकतं, क्यू चालवणारं क्यूलॅब ५३००० वर. विंडोज अपडेट, स्लीप आणि यूएसबीची वीजबचत तिन्ही बंद. संगणक, राउटर आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर तिन्ही यूपीएसवर. वीज जाऊन जनरेटरवर येईपर्यंत संगणक टिकला आणि कॅमेरा बंद पडला तर काही उपयोग नाही.

प्रत्येक आकड्याला तीन स्रोत ठेवा: सेन्सर, तालमीत रेकॉर्ड केलेली तीच हालचाल, आणि मिडी कंट्रोलरवरचा हाताने सरकवायचा फेडर. ऑपरेटरच्या समोर एक बटन असं, की दाबताच सेन्सरवरून फेडरवर एका सेकंदात सरकतं. फेडरवर प्रयोग चालवायची तालीमही एकदा पूर्ण करा, सेन्सर मुद्दाम उपटून.

तिसरी घंटा होण्याआधी पाहायचं एवढंच: रिकामा फोटो नव्याने घेतला का, सेन्सरची बॅटरी बदलली का (चार्ज केली का हा प्रश्न नव्हे), कॅमेऱ्याच्या काचेवरून कापड फिरवलं का, आणि पोशाखात, घुंगरू बांधून, पूर्ण दिव्यांत ती एकदा हद्दीच्या चारही टोकांना जाऊन आली का.